जुन्या बाहुल्या आणि भातुकली जमवायचीय? सोलापुरात बसून सुरुवात कशी करायची

जुन्या बाहुल्या आणि बाहुलीघरातल्या चिमुकल्या वस्तू जमवायच्या म्हटलं की नवीन माणूस आधी नेटवर जर्मन, फ्रेंच पोर्सिलेनच्या बाहुल्या बघत बसतो, मग त्यांचे भाव बघतो आणि हे आपलं काम नाही म्हणून सोडून देतो. माझं म्हणणं, आधी घरचा माळा बघा. आजीच्या ट्रंकेत पितळेची भातुकली असते, एखादी लाकडाची ठकी असते, नाहीतर मामाने मुंबईहून आणलेली सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची बाहुली असते आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नसतं. दिवाळीच्या साफसफाईत मोडीत जायच्या आत ते हातात घ्या.

पहिलं काम म्हणजे विषय छोटा ठेवा. नुसती पितळेची स्वयंपाकघरातली भातुकली, किंवा नुसत्या लाकडी बाहुल्या, किंवा नुसत्या भारतात बनलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या. सगळंच जमवायला गेलं की घर भरतं आणि नजर कशातच तयार होत नाही. एकाच जातीच्या वस्तू सारख्या हातात येत राहिल्या की बोटांना वजन कळायला लागतं, आणि फसवणूक तिथंच पकडली जाते.

सोलापुरात शोधायचं कुठं? सगळ्यात आधी नातेवाईक आणि शेजारच्या म्हाताऱ्या आज्या, याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण वस्तूसोबत तिची गोष्ट पण मिळते. त्यानंतर भांड्यांची दुकानं, मधला मारुती, टिळक चौक त्या बाजूला फिरा आणि जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या दुकानदाराशी ओळख करून ठेवा, त्याला सांगून ठेवायचं की काका छोटी भांडी आली तर वितळवायला पाठवू नका, मला फोन करा, मोडीच्या भावापेक्षा जास्त देतो. हे वाक्य लई कामाचं आहे बघा. बोहारणीला पण सांगून ठेवा. पंढरपूर जवळच आहे, तिथं देवळाभोवतीच्या दुकानांत लाकडी आणि पितळी भातुकली अजून मिळते, ती बहुतेक नवीन असते पण आकार जुनेच असतात, म्हणून नजर तयार करायला चांगली. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा असतेच, तिथली आजची खेळणी पण एकदोन घेऊन ठेवा, अजून तीस वर्षांनी तीच शोधत फिराल.

आता पितळ कसं पारखायचं ते नीट सांगतो, कारण जुनं म्हणून नवंच पितळ विकणं लई चालतंय. समजा तुमच्या हातात वीतभर उंचीचा पितळी बंब आलाय. आधी लोहचुंबक लावा, पितळेला तो चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. मग उलटा करून बूड बघा. वापरलेल्या भांड्याच्या बुडावर ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, काही खोल काही पुसट, आणि मशीनवर घासून जुनं दाखवलेल्या भांड्यावर ते एकाच दिशेने असतात. कडीला आतून बोट लावा, जिथं बोट जातं तिथंच झीज पाहिजे, सगळीकडे सारखीच झीज असेल तर संशय घ्या. तोटीपाशी, सांध्यात, जिथं हात पोचत नाही तिथं काळपट हिरवं घट्ट बसलेलं असतं. ओल्या बोटाने चोळल्यावर हिरवी पूड सहज सुटून आली तर ती बहुतेक वेळा केमिकल लावून आणलेली असते. पातेल्या-डब्यांना आतून कल्हईचे पांढरट अवशेष दिसले तर चांगलंच. आणि नाव घातलंय का बघा, आपल्याकडे भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायची पद्धत होती, छोट्या भांड्यावर पण कधीकधी मुलीचं नाव सापडतं. अशा भांड्याला थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

भाव करताना त्या दिवशीचा पितळेचा मोडीचा दर माहिती असू द्या. वजनाची किंमत हा तळ, त्याच्या वर जे द्याल ते घडणीचं आणि जुनेपणाचं. सोऱ्या, किसणी, स्टोव्ह, पुरणयंत्र असल्या हलणारे भाग असलेल्या वस्तू पूर्ण मिळणं अवघड असतं, झाकण-दांडा-जाळी सगळं जागेवर असेल तर सोडू नका. तांबे-फुलपात्रं काय, परत मिळतात.

लाकडाचं बघायचं तर ठकी ही आपल्याकडची जुनी बाहुली, एकाच ठोकळ्यातून कोरलेली, हातपाय जवळजवळ नसतातच, अंगावर रंग. सावंतवाडीची खेळणी सगळ्यांना माहिती आहेत, पण आपल्याला कर्नाटक जवळ, तिकडच्या गोकाक आणि किन्नाळच्या रंगीत लाकडी बाहुल्या पण बघून ठेवा. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाखेचा थर असतो, त्याला चुकूनही सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते.

विदेशी बाहुल्या हातात आल्या तर मानेच्या मागे, केसांच्या खाली खूण शोधा. न चकाकणाऱ्या भाजलेल्या पोर्सिलेनला बिस्क म्हणतात, जर्मनीत त्याची डोकी लाखांनी बनली. आर्मांड मार्सेल कंपनीच्या डोक्यावर ए एम आणि ३९० असा आकडा सारखा दिसतो, तो साच्याचा नंबर आहे, वर्ष नाही, आणि तो साचा भरपूर चालला म्हणून तेवढ्यावरून दुर्मिळ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. देशाचं नाव बघा, १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते टाकणं सक्तीचं झालं, त्यामुळं नुसतं जर्मनी असं छापलेलं असेल तर बाहुली साधारण त्याच्या नंतरची धरतात. निप्पॉन (म्हणजे जपानच) लिहिलेलं असेल तर साधारण १९२१ च्या आधीची, ऑक्युपाइड जपान असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. डोक्यात आतून मोबाईलचा टॉर्च लावा, केसासारखी बारीक चीर लगेच उजेडात दिसते. आणि बार्बीच्या पाठीवर १९६६ दिसलं की लोक उड्या मारतात, ते शरीराच्या डिझाइनच्या कॉपीराइटचं वर्ष आहे, तेच वर्ष पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले.

ज्यांना पूर्ण बाहुलीघर करायचंय त्यांनी माप आधी ठरवा. जगभर जास्त चालतं ते एकास बारा, म्हणजे खऱ्या एक फुटाला इथं एक इंच. लंडनजवळ विंडसरच्या किल्ल्यात राणी मेरीचं बाहुलीघर आहे ते याच मापाचं, १९२४ साली पूर्ण झालेलं, आणि त्याचा आर्किटेक्ट तोच लट्यन्स ज्याने नवी दिल्ली आखली. आपली भातुकली या मापात बसत नाही, दोन इंचाचा तांब्या त्या घरात ठेवला तर तो दोन फुटी होतो. म्हणून भातुकली वेगळ्या फळीवर मांडा, घरात कोंबू नका. बाहुलीच्या पलंगावर सोलापुरी चादरीचा तुकडा टाकायचा मोह सगळ्यांना होतो पण तिची नक्षी त्या मापात फार मोठी दिसते, त्यापेक्षा पातळ सुती कापड घ्या.

आता जपणूक, आणि इथं मी जरा कडक बोलतो. पितळ चिंच-लिंबू-पावडरने चकाचक करू नका. त्यावरचा काळसर थर, झीज, नाव, कल्हई हेच तर आपण विकत घेतलंय, ते घासून गेलं की हातात फक्त धातू उरतो. मऊ ब्रशने धूळ काढा, अगदीच चिकट असेल तर साध्या साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा आणि लगेच कोरडं करा. भुसा आणि सरसाच्या लगद्याची जुनी बाहुली असेल तर तिला पाणी लावूच नका, फुगते आणि रंग सुटतो.

सेल्युलॉइडची बाहुली अंगाला हलकी असते, अंगठ्याने चोळली तर कापराचा वास येतो. नेटवर कोणी गरम सुई टोचून बघा म्हणतं, ते अजिबात करू नका, सेल्युलॉइड भडाभडा पेटतं. आपला मे महिना ४२-४३ डिग्रीचा, वर पत्र्याची खोली नाहीतर बंद माळा, तिथं ही बाहुली ठेवणं म्हणजे धोकाच आहे. खालच्या मजल्यावर, उन्हापासून लांब, हवा खेळती राहील अशा खोक्यात ठेवा, हवाबंद डब्यात नको. चिकट व्हायला लागली, आंबूस वास आला, चिरा पडल्या की बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, त्यातनं निघणाऱ्या वाफेने शेजारच्या बाहुल्या आणि धातू दोन्ही खराब होतात. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांजवळ नकोत. गुंडाळायला धुतलेलं, नीळ न घातलेलं मांजरपाट घ्या.

वस्तू घरात आली की त्याच दिवशी वहीत लिहा. कुणाकडून, कुठून, किती पैसे, उंची-वजन, काय तुटलंय, आणि देणाऱ्या आजीने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत. लग्नात रुखवतावर मांडली होती, की बाहुला-बाहुलीच्या लग्नात जेवण यात वाढलं, हे भांड्यावर कुठं लिहिलेलं नसतं. आजी बोलत असतील तर परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, आणि वस्तूवर स्टिकर चिकटवू नका, नंबर लिहिलेली कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा.

नजर तयार करायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा पूर्ण दिवस काढून बघा, दिल्लीला गेलात तर शंकर्स डॉल्स म्युझियम, ते १९६५ पासून आहे. आणि दोन गोष्टी कायद्याच्या. हस्तिदंताची बाहुली किंवा खेळणं कितीही जुनं म्हणून कोणी दाखवलं तरी घेऊ नका, त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. तसंच शंभर वर्षांवरच्या कलावस्तू १९७२ च्या कायद्याखाली येतात आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून परदेशातल्या कोणी मोठा आकडा सांगून कुरिअर करा म्हटलं तर सरळ नाही म्हणायचं.