एफपीजीएवर एसडीआय करताय? या चुका टाळा

एसडीआय म्हणजे टीव्ही स्टुडिओत केबलवरून डिजिटल व्हिडिओ नेणारी लाइन, आणि एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण हवं तसं प्रोग्रॅम करतो ती चिप. बोर्ड आला, चिप प्रोग्रॅम केली, मॉनिटरवर कलर बार दिसला की आपण सगळे चहाला पळतो, मीपण पळायचो. पण कलर बार फार गरीब सिग्नल आहे हो, तो कुठल्याही बोर्डावर चालतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक कपॅसिटरची. पीसीआय एक्स्प्रेसच्या (कॉम्प्युटरमधली कार्ड जोडणारी लाइन) सवयीने एसडीआयच्या लाइनीतही ०.१ मायक्रोफॅरडचा टाकला जातो, इथे लागतो ४.७ चा. कारण एसडीआयचं स्क्रॅम्बलिंग (पाठवण्याआधी बिट्स मिसळणं) असं आहे की काही ठरावीक रंगांवर एक बिट एकीकडे आणि पुढचे १९ उलटीकडे, असं अख्खी लाइनभर चालू राहू शकतं, मग छोट्या कपॅसिटरमुळे सिग्नलची लेव्हल सरकते आणि समोरचा रिसीव्हर गोंधळतो. म्हणून वर जांभळट आणि खाली करडा असा पॅथॉलॉजिकल पॅटर्न (मुद्दाम असेच वाईट बिट्स काढणारं टेस्ट चित्र) लांब केबलवर रात्रभर चालवा, मगच बोर्ड पास म्हणा.

फक्त भडक, तीक्ष्ण कडांच्या सीनलाच पिक्चर उडी मारतंय? मग केबल बदलत बसू नका. १० बिटमध्ये ० ते ३ आणि १०२० ते १०२३ हे कोड टायमिंगसाठी राखीव असतात, आणि स्केलरचा (चित्र लहान-मोठं करणारा ब्लॉक) ओव्हरशूट, म्हणजे कडांवर मर्यादेबाहेर उसळलेली व्हॅल्यू, नेमका तिथेच जाऊन बसतो. शेवटच्या ब्लॉकनंतर ४ ते १०१९ मध्ये क्लिप करा, काम संपलं.

क्लॉकने तर आम्हाला रडवलंय. आपल्याकडे सगळं ५० हर्ट्झ, त्यामुळे १४८.५ मेगाहर्ट्झचा एकच ऑसिलेटर लावून मोकळे झालो, पुढे ५९.९४ हर्ट्झची फीड आली आणि दर सोळा-सतरा सेकंदांनी हलकासा झटका, आम्ही दोन दिवस मेमरी कंट्रोलर खोदत बसलो! आउटपुट खरं तर पूर्ण ६० वर पळत होतं, म्हणजे साधारण हजार फ्रेममागे एक फ्रेम रिपीट. त्यासाठी १.००१ ने भागलेला, म्हणजे १४८.३५ चा क्लॉकही हवाच. आणि इनपुटमधून काढलेला क्लॉक तसाच ट्रान्समिटला देऊ नका, त्यात जिटर (क्लॉकच्या टिकटिकीतली थरथर) असतो, मध्ये जिटर क्लीनर हवा.

एका क्लॉकवरून दुसऱ्या क्लॉकवर काउंटर नेताना नुसते दोन फ्लिपफ्लॉप (एकेक बिट धरून ठेवणारे) पुरत नाहीत, असिंक्रोनस फिफो वापरा, म्हणजे एका क्लॉकवर भरायची आणि दुसऱ्यावर रिकामी करायची रांग. टायमिंग रिपोर्टमधली लाल ओळ (सिग्नल वेळेत पोचत नाही असा इशारा) "लॅबमध्ये चालतंय ना" म्हणून सोडू नका, तापलेल्या ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करणारी गाडी) तीच वर येते.

आणि हो, फ्लॅश मेमरीमध्ये चिपच्या प्रोग्रॅमची जुनी चालणारी इमेज वेगळी ठेवा. अपडेटच्या मध्येच लाइट गेली तर बोर्ड निदान त्यावर तरी उठेल.