रामेछाप ते लुक्ला : वीस मिनिटांच्या विमानाची तयारी

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालात, तर सगळ्यात आधी विमान कुठून सुटणार ते तिकिटावर नीट वाचा. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गर्दीत ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडू-लुक्ला हवाई अंतर साधारण 135 किलोमीटर, मंथली-लुक्ला जेमतेम 74. पंधरा-वीस मिनिटांत उतरायचंच. पण मंथली गाठायला काठमांडूहून घाटरस्त्याने चार-पाच तास लागतात, म्हणजे पहाटेच्या विमानासाठी रात्री एक-दीडलाच गाडीत बसायचं. त्यापेक्षा आदल्या दिवशी जाऊन तिथेच मुक्काम करा; न झोपता ट्रेकचा पहिला दिवस काढणं अंगावर येतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे, गजर त्या हिशेबाने लावा.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड जवळ हवं. भारतातून विमानाने नेपाळला जाताना 15 ते 65 वयाच्या लोकांचं आधार चालत नाही.

सामानाची मर्यादा बहुधा 15 किलो, हातातली पिशवी धरून. जड बूट आणि जाड जॅकेट अंगावरच घाला. औषधं, एक गरम कपडा आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, कारण वजन जास्त झालं तर मोठी बॅग नंतरच्या विमानाने येऊ शकते. विमानं ट्विन ऑटर किंवा डॉर्निअरसारखी, पंधरा-वीस माणसांची. बऱ्याचदा जागा ठरलेल्या नसतात, तेव्हा जाताना डावी खिडकी पकडा. हिमालय त्या बाजूला दिसतो. हवाई सुंदरी गोळी आणि कानात घालायला कापूस देते. कापूस घ्याच, इंजिनाचा आवाज फार असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं : राखीव दिवस. लुक्लाची धावपट्टी फक्त 527 मीटरची. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर आहे, यावरून कल्पना करा. लुक्लाची धावपट्टी सपाटही नाही, सुमारे 12 टक्के चढाची. खालच्या टोकापेक्षा वरचं टोक साठेक मीटर उंच. उतरताना विमान चढावर येऊन थांबतं, उडताना उतारावरून धावतं. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी, त्यामुळे अगदी शेवटी पुन्हा उडून फेरी मारायची सोय नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. ढग आले किंवा दुपारचा वारा सुटला की उड्डाणं बंद. म्हणून पहाटेचंच विमान मागा, आणि लुक्लाहून परतायचा दिवस व मुंबईचं विमान यांत किमान दोन दिवस मोकळे ठेवा. एवढी रजा मिळत नसेल तर ट्रेकच पुढे ढकला, असं माझं स्पष्ट मत आहे. थांबायची वेळ आली तर राहण्या-जेवणाचे, जमल्यास सामायिक हेलिकॉप्टरचेही पैसे नेपाळी रुपयांत वेगळे ठेवा. विम्यात हेलिकॉप्टर सुटका आहे का आणि ती किती उंचीपर्यंत, हे वाचून घ्या; बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे.

मंथली पाचशे मीटरच्याही खाली, लुक्ला 2,800च्या वर. वीस मिनिटांत एवढी उंची चढल्यावर सॅक पाठीला लावून धावत सुटू नका. चहा-नाश्ता घ्या, भरपूर पाणी प्या आणि सावकाश फाकडिंगकडे निघा. ते 2,610 मीटरवर आहे, पहिली झोप लुक्लापेक्षा खाली मिळते.

परतताना आदल्या दुपारपर्यंत लुक्लात पोचा. लॉजच्या मालकाकडे तिकीट देऊन जागा पक्की करून घ्या आणि उद्याचं विमान काठमांडूला जातंय की मंथलीला, हेही तेव्हाच विचारा. मंथली असेल तर पुढची गाडी त्याच संध्याकाळी सांगून ठेवा.