घरी रेकॉर्डिंग करताय? माइक बदलण्याआधी या चुका टाळा

गळा चांगला, गाणं चांगलं, तरी रेकॉर्डिंग ऐकलं की आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा वाटतो. दोष माइकवर जातो, महागडा माइक येतो आणि तोही तसाच वाजतो. कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट असो की शिवाजी पेठेतल्या जुन्या घराची माडी, माइक गाण्याबरोबर खोलीही टिपतो. म्हणून तपासताना आधी खोली, मग अंतर, मग गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते), मग वायर आणि सगळ्यांत शेवटी माइक, हा क्रम सोडू नका.

खोलीत उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागोमाग झिणझिणाट ऐकू आला, तर चकचकीत फरशी, काच आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतायत. इथे बहुतेक जण अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा फोम चिकटवतात. ट्रेचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. पातळ फोम फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज शोषतो आणि खालची घुमघुम तशीच राहते. १० बाय १० च्या खोलीत ही घुमघुम साधारण ५६ हर्ट्झ आणि तिच्या पटीत, म्हणजे ११२, १६९ च्या आसपास जमते. छतही १० फुटांवर असेल तर तिन्ही बाजू एकाच सुराला बळ देतात. मंद्रात उतरणाऱ्या पुरुषी आवाजाचे दोन-तीन सूर अचानक फुगतात ते त्यामुळेच. त्यावर उपाय जाडीचाच आहे. कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा आणि गायकाला खोलीच्या बरोबर मध्यावर उभं करू नका.

आता आवाज शोषायला वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, कुठे टांगायची? बरेच जण ती माइकच्या मागे लावतात. पण कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज जास्त टिपणारा माइक मागच्या बाजूने कमी ऐकतो. त्याचं तोंड गायकाकडे असतं, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत त्याला सरळ ऐकू येते. जाड वाकळ किंवा घोंगडं दुहेरी करून गायकाच्या पाठीमागे टांगा, भिंतीपासून चार इंच सोडून. ही मोकळी जागा ठेवली की तेच कापड जास्त खालचे आवाजही शोषतं. एवढा एक बदल करून पुन्हा रेकॉर्ड करा, फरक लगेच कळतो.

गायक आणि माइकमधलं अंतर वीतभर ठेवा. त्याहून जवळ गेलं की आवाज जाड आणि बोजड होतो, हातभर लांब गेलं की खोली पुन्हा आत शिरते. पॉप फिल्टर, म्हणजे प-फ म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी, माइकपासून चार बोटं पुढे लावा. गायक स्वतः पेटी वाजवत असेल तर पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, भात्याची फुसफुस टिपली जाते. तो वरून, दीड फुटावर लावा.

गेनच्या बाबतीत लोक घाबरून दोन टोकं गाठतात. सगळ्यांत जोरकस ओळ गाऊन घ्या आणि शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील असं बटण ठेवा. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा मोकळी सोडल्याने काही बिघडत नाही. शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, धडकलेला आवाज मात्र नंतर धड दुरुस्त होत नाही.

हलगीसाठी हा हिशोब पुरत नाही. काडीचा फटका इतका तीव्र असतो की जवळ ठेवलेल्या कंडेन्सर (नाजूक, बाहेरून वीज लागणाऱ्या) माइकचा आवाज माइकच्या आतच फाटू शकतो. मग इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राचा) गेन कितीही कमी करा, फाटका तो फाटकाच. हलगीला शुअर कंपनीच्या एसएम५७ सारखा डायनॅमिक (दणकट, बाहेरची वीज न लागणारा) माइक दीड-दोन फुटांवरून लावा. कंडेन्सरच असेल आणि त्याला पॅडचं, म्हणजे आवाज दाबणारं बटण असेल तर ते चालू करा. हलगी शेकून घेतल्यावर ती थंड होत जाते तसा सूर उतरतो. दोन टेक जोडायचे असतील तर प्रत्येक टेकआधी पुन्हा शेका, नाहीतर जोड उघड ऐकू येतो.

माइक घेताना होणारी मोठी चूक म्हणजे इंटरफेस न बघता घेणं. शुअरच्याच एसएम७बी या डायनॅमिक माइकला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. तेवढा नसेल तर बटण शेवटपर्यंत फिरवावं लागतं आणि आवाजाबरोबर फुसफुसही वर येते. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने माइकच्या वायरीतूनच पुरवलेली वीज, लागते. लॅपटॉपच्या हेडफोनवाल्या छोट्या भोकात ती मिळत नाही.

सतत घूं-घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर दोष अर्थिंगचा. इंटरफेस, लॅपटॉप, स्पीकर एकाच सॉकेटवरच्या एका बोर्डात लावा. प्लगची जाड, अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसण्याचा धोका असतो.

स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (गाताना स्वतःचा आवाज थेट ऐकवणारं बटण) आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. एक बंद करा. सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल तर आवाज उशिरा येऊ नये म्हणून बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा आणि मिक्सिंगला बसताना तो १०२४ करा.

ट्रॅक अचानक जोरात धावतोय आणि सूर चढलाय? ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली तो आकडा) फाइल ४८ वर वाजतेय. तेवढ्यानं सूर जवळजवळ दीड पट्टी वर जातो. व्हिडिओसाठी काम असेल तर पहिल्या दिवसापासून सगळं ४८ वर ठेवा.

एक चूक फार कमी जण तपासतात. पेटी आणि कीबोर्ड दोन्हींवर पट्टी काळी एकच, पण ते जुळत नाहीत. ट्यूनर ॲपवर पेटी मोजा. ती २० सेंट (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी) चढी असेल तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग, म्हणजे सगळ्या सुरांची उंची ठरवणारा आकडा, ४४० हर्ट्झवरून ४४५ वर न्या. पेटी रेकॉर्ड झाल्यावर गायकाच्या सुराला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कंडेन्सर माइक उघडा ठेवला तर ओल धरतो आणि चरचर करू लागतो. काम संपलं की स्पीकरचा आवाज शून्यावर आणा, फँटम पॉवर बंद करा, मिनिटभर थांबा आणि मगच वायर काढा. माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. चरचर आधीच सुरू झाली असेल तर त्याच डब्यात एक-दोन दिवस राहू द्या. ऊन, हेअर ड्रायर किंवा तांदळाचा डबा नको, तांदळाचं पीठ जाळीतून आत जातं.