मणक्यातील गाठ दुर्बिणीने काढायची का, हे ठरवताना

सोलापुरात पाठदुखीचे कारण कोणी शोधत बसत नाही. यंत्रमागावर पाळी भरणारा कामगार आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई, दोघांचीही पाठ दुखणारच असे घरातले सगळे धरून चालतात, आणि मणक्यातील गाठ उशिरा लक्षात येण्याचे हे एक मोठे कारण आहे. कामाने दुखणारी पाठ बहुधा आडवे झाल्यावर शांत होते. गाठीचे दुखणे मात्र पुष्कळदा रात्री, पडल्यावर वाढते आणि झोपेतून उठवते. त्यासोबत पायांतली ताकद कमी झाली, चालताना चप्पल नकळत निसटू लागली किंवा कमरेखाली बधिरपणा आला, तर मालिश, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्यांवर आठवडे घालवू नयेत. लघवी तुंबली, नकळत होऊ लागली किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली, तर सकाळची वाट न पाहता श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

पहिली महत्त्वाची तपासणी एमआरआयची. गाठीची शंका असेल तर ती शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात गाठ उठून दिसावी म्हणून दिले जाणारे औषध, देऊन करतात. त्याआधी मूत्रपिंडाचे काम कसे आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि शरीरात पेसमेकर किंवा धातूचा भाग असल्यास आधीच सांगावे. दुखते तेवढाच भाग न पाहता संपूर्ण कण्याचा एमआरआय करायचा का, हेही विचारावे, कारण दुसरीकडून पसरलेला कर्करोग एकाच वेळी अनेक मणक्यांत असू शकतो. आपल्याकडे आणखी एक शक्यता कधीही विसरू नये: मणक्याचा क्षयरोग चित्रात गाठीसारखा दिसू शकतो, आणि तो बहुतेकदा औषधांनी बरा होतो. म्हणून शंका असेल तेथे आधी सुईने तुकडा काढून तपासतात. या पायरीला नातेवाइकांनी घाईपोटी नकार देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर दुर्बिणीचा प्रश्न येतो. ‘लहान छेदाने होईल का?’ असे आपण लगेच विचारतो; त्याआधी ‘गाठ नेमकी कोठे आहे?’ हे विचारले पाहिजे. मज्जारज्जूभोवती एक घट्ट आवरण असते. गाठ त्या आवरणाच्या बाहेर, म्हणजे मणक्याच्या हाडात किंवा भोवती असू शकते. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा अवयवांतून पसरलेल्या गाठी बहुधा येथेच आढळतात. ती आवरणाच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर असू शकते. श्वानोमा आणि मेनिंजिओमा या बहुतांशी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, सावकाश वाढणाऱ्या गाठी तेथे होतात. किंवा ती प्रत्यक्ष मज्जारज्जूच्या आत असते. आवरणाबाहेरील निवडक गाठींसाठी दुर्बीण उपयोगी पडते: साधारण एक सेंटिमीटरच्या छेदातून कॅमेरा आणि अवजारे आत जातात, किंवा सुमारे दोन सेंटिमीटरच्या नळीतून काम होते, आणि स्नायू हाडापासून सोलून काढण्याऐवजी बाजूला सारले जातात. त्यामुळे रक्तस्राव आणि वेदना कमी होतात, रुग्ण लवकर चालू लागतो, आणि जखम लवकर भरल्यामुळे पुढचे रेडिएशनही लवकर सुरू करता येते. आवरणाच्या आतील लहान गाठही काही अनुभवी शल्यविशारद नळीतून काढतात. पण तेथे आवरण पुन्हा पाणीही झिरपणार नाही असे शिवावे लागते, आणि अरुंद वाटेतून ते अवघड असते. मज्जारज्जूच्या आतील गाठीला सामान्यतः मायक्रोस्कोपखाली उघडी शस्त्रक्रियाच करतात. अशा वेळी मोठा छेद सुचवणारा डॉक्टर मागासलेला नसतो.

शल्यविशारदाला मोकळेपणाने विचारावे: अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, गाठ पूर्ण निघेल की नसांवरचा दाब तेवढा कमी होईल, मणक्याला आधार म्हणून स्क्रू बसवावे लागतील का, शस्त्रक्रिया चालू असताना नसांचे कार्य तपासणारे यंत्र असेल का, आणि मध्येच छेद वाढवावा लागला तर काय? पुण्या-मुंबईत दुसरे मत घ्यायचे असेल तर अहवालाच्या कागदासोबत एमआरआयची सीडीही न्यावी. नुसत्या कागदावर कोणी निर्णय देऊ शकत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हीच शस्त्रक्रिया याच पद्धतीने बसते का, हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्यावे. निदान कर्करोगाचे असेल तर उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची माहिती आधीच द्यावी, मात्र त्या स्वतःहून बंद करू नयेत. मधुमेह आटोक्यात आणावा, तंबाखू आणि मिश्री सोडावी. वाढलेली साखर आणि तंबाखू, दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो.

घरी आल्यावर जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव झिरपला, उठून बसताच डोके फार दुखू लागले, ताप आला किंवा पायांतली ताकद पुन्हा घटली, तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवावे. वाकणे, वजन उचलणे आणि मागावर परतणे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल यायला बहुधा काही दिवस लागतात. तो स्वतः जाऊन घ्यावा आणि तपासणीसाठी जतन केलेले गाठीचे मेणातील ठोकळे व काचपट्ट्या कोठे ठेवल्या आहेत हे नोंदवून घ्यावे, कारण पुढील उपचार दुसऱ्या शहरात झाल्यास तेथील डॉक्टर पहिल्यांदा त्याच मागतात.