कायमचा दात वेळेवर येत नसेल तर काय करावे

दुधाचा दात पडून बरेच महिने झाले तरी त्या जागी नुसती हिरडीच दिसते, अशी तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा ‘कॅल्शियम द्या’ किंवा ‘थांबा, येईल’ यांपैकी एक सल्ला त्यांना बहुधा आधीच मिळालेला असतो. पहिला सल्ला निरुपयोगी आहे. वरच्या पटाशीच्या दाताचा पुढे तोंडात दिसणारा भाग मूल ४-५ वर्षांचे होईपर्यंत जबड्यातच पूर्ण घडलेला असतो, त्यामुळे आठव्या वर्षी दिलेल्या गोळ्यांनी तो खाली सरकत नाही. हिरडीला आवळा चोळण्याचाही काही उपयोग नाही, आणि घरी हिरडी टोचणे तर धोक्याचेच आहे. दुसऱ्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. मात्र कधीपर्यंत थांबायचे हे सांगणारा क्वचितच भेटतो, आणि नेमके तिथेच मुलांचे नुकसान होते.

सुरुवातीला चांगल्या उजेडात मुलाचे तोंड पाहून कोणते दात आले आणि कोणते राहिले याची नोंद करावी. खालचे मधले दोन दात साधारण ६-७ व्या वर्षी, वरचे मधले दोन ७-८ व्या, त्यांच्या शेजारचे वरचे दोन ८-९ व्या, खालचे सुळे ९-१० व्या, उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) १० ते १२ या वयात आणि वरचे सुळे ११-१२ व्या वर्षी येतात. मुलींचे दात मुलांपेक्षा थोडे आधी येतात. सगळेच दात सारख्याच अंतराने वर्षभर मागे असतील आणि आईवडिलांचेही दात उशिरा आले असतील, तर बहुधा काळजीचे कारण नसते. सगळेच दात फारच मागे पडले असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण थायरॉइडची कमतरता किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचा तीव्र अभाव एका दाताला नव्हे, तर सर्वच दातांना उशीर करतो.

खरी अवघड पायरी यापुढची आहे. एकच दात मागे राहिला असेल तर थांबावे की तपासणी करावी, हे ठरवताना व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मलाही फार विचार करावा लागत असे. बहुतेक पालक दुधाचा दात पडल्याच्या तारखेपासून महिने मोजतात. ती मोजणी फसवी असते. दुधाचा दात कीड लागल्यामुळे फार लवकर काढावा लागला असेल, तर कायमच्या दाताची वेळच झालेली नसते, शिवाय मधल्या काळात त्या जागेवरची हिरडी जाड आणि कठीण होते. अशा मुलाच्या बाबतीत वर्ष उलटून गेले तरी त्यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

मोजणी नेहमी जोडीच्या दातापासून करावी. उजवा दात आला आणि त्यानंतर सहा महिने होऊनही डावा आला नाही, तर वाट पाहणे थांबवून एक्स-रे काढून घ्यावा. खालचे मधले दात येऊन वर्षाहून अधिक काळ लोटला आणि वरच्या मधल्या दोहोंचाही पत्ता नाही, तरीही तेच करावे. आणि दातांचा क्रमच उलटला असेल, म्हणजे वरचा मधला दात न येता त्याच्या शेजारचा आधी आला असेल, तर सहा महिनेसुद्धा थांबू नये, कारण मधल्या दाताच्या वाटेत काहीतरी आडवे आल्याची ही खूण असू शकते आणि शेजारचे दात तोवर त्याची मोकळी जागा व्यापू लागतात.

याच वेळी स्वच्छ धुतलेले बोट ओठाच्या बाजूने हिरडीवरून हलकेच फिरवावे आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. दात जवळ आला असेल तर तेथे कठीण उंचवटा लागतो आणि हिरडी फिकट, ताणलेली दिसते. एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला सपाट हिरडी असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मूल चालायला शिकत असताना तोंडावर आपटून पुढचा दात हिरडीत आत घुसला होता का, हेही आठवून पाहावे, आणि पालकांना आठवत नसेल तर आजीला विचारावे. त्या माराने आतल्या कायमच्या दाताचे मूळ वाकडे होऊ शकते, आणि पालकांना बहुतेकदा या दोन गोष्टींचा संबंध माहीतच नसतो.

वरच्या सुळ्यांकडे मी विशेष लक्ष वेधीन, कारण ते सर्वांत दुर्लक्षित राहतात. ते अकरा-बाराव्या वर्षी येत असले, तरी त्यांचा उंचवटा दहाव्या वर्षाच्या सुमारास गालाच्या बाजूला हाताला लागायला हवा. तो लागत नसेल, तर सुळा टाळूच्या दिशेने वळला असण्याची शक्यता असते, आणि असा सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ काहीही न दुखवता झिजवू शकतो. वेळीच कळले तर कित्येकदा दुधाचा सुळा काढल्यावर कायमचा सुळा स्वतःच वाटेवर येतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळले तर तो उपाय बहुधा हातचा गेलेला असतो.

एक्स-रे काढण्याआधी दुधाचा दात उपटून घेऊ नये, याबाबत मी अजिबात तडजोड करीत नाही. काही मुलांमध्ये खालची दुसरी उपदाढ किंवा वरचा बाजूचा पटाशीचा दात मुळात तयारच झालेला नसतो, आणि अशा वेळी घट्ट असलेली दुधाची दाढ नीट जपली तर पुढे कित्येक वर्षे काम देते. एका दातासाठी लहान एक्स-रे पुरतो, सगळे जबडे पाहायचे असतील तर ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा मोठा एक्स-रे, काढतात, आणि या दोन्हींतील किरणोत्सर्गाचे प्रमाण अल्प असते.

खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून आले आणि दोन रांगा दिसू लागल्या, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते; दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो हलवू द्यावा.

पुढचे उपचार कारणावरून ठरतात आणि ते डॉक्टरांवर सोपवावेत. जागा अपुरी असेल तर ती तारांनी करून घेतात, जाड हिरडी असेल तर तिला छोटी खिडकी पाडतात, वाटेत जादा दात असेल तर तो काढतात. अडथळा दूर झाल्यावर आणि जागा असल्यास दात पुष्कळदा आपणहून उतरतो, पण त्याला कधी वर्षाहून अधिक वेळ लागतो, म्हणून ठरलेल्या तारखांना दाखवायला जावे. तरीही तो हलला नाही, तर हिरडी उघडून दाताला बारीक साखळी जोडतात आणि तिने तो हळूहळू ओढून घेतात.