कार्टूनमधले ‘स्टार ट्रेक’चे संदर्भ कसे ओळखावेत आणि कसे नोंदवावेत

‘द सिम्पसन्स’मधले कँग आणि कोडोस आठवा. हिरवे, एकडोळे, काचेच्या हेल्मेटमध्ये सतत लाळ गाळणारे परग्रहवासी. १९९० साली हॅलोविनच्या पहिल्याच विशेष भागात ते आले. दिसण्यात ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अंतराळ-मालिकेचं काहीच नाही, संदर्भ आहे तो नावांत. कँग हा १९६८ च्या ‘डे ऑफ द डव्ह’ या भागातला क्लिंगॉन या लढाऊ परग्रही जमातीचा कप्तान आणि कोडोस हा १९६६ च्या ‘द कॉन्शन्स ऑफ द किंग’मधला गव्हर्नर, अन्नटंचाईत वसाहतीतल्या निम्म्या माणसांना मारणारा. मूळ मालिका न पाहिलेल्याला ही दोन नावं म्हणजे नुसते विचित्र आवाज वाटतात. पाहिलेल्याला कळतं की लिहिणाऱ्यांनी ती मालिका किती मन लावून पाहिली होती.

असे संदर्भ शेकड्यांनी आहेत. ते शोधायला जाणकार असावं लागत नाही, पद्धत लागते.

पायरी १ : आधी मूळ भाग पाहा

मूळ ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि जून १९६९ मध्ये संपली. एकूण भाग ७९. सगळे पाहायला वेळ नसेल तर हे ९ पाहा : ‘अमॉक टाइम’, ‘मिरर, मिरर’, ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’, ‘द स्क्वायर ऑफ गॉथॉस’, ‘अरीना’, ‘द मेनाजरी’चे दोन्ही भाग आणि वर आलेले दोन. एक भाग साधारण ५० मिनिटांचा, म्हणजे साडेसात तासांचं काम. कार्टूनवाले पुन्हा पुन्हा ज्या दृश्यांकडे वळतात त्यातली बरीचशी इथे सापडतात. १९८७ ते १९९४ मधली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पुढची ‘स्टार ट्रेक’ मालिका नंतर पाहिली तरी चालेल.

पाहताना गोष्टीत वाहून जाऊ नका. प्रत्येक भागातून चार गोष्टी कागदावर उतरवा : विचित्र नावं, एखादी लक्षात राहणारी वस्तू, संगीताचा तुकडा आणि शेवटची कलाटणी. पुढचा सगळा शोध याच कागदावर चालतो.

पायरी २ : प्रत तपासा

बहुतेकांची चूक इथे होते. २००६ पासून मूळ मालिकेची नवी आवृत्ती दाखवायला सुरुवात झाली. तीत यानाची, ग्रहांची दृश्यं संगणकावर नव्याने केली आहेत. १९९३ च्या एखाद्या कार्टूनच्या चित्रकाराने पाहिलेलं यान हे नव्हे, जुन्या प्रतिकृतीचं छायाचित्रण होतं. नवी आवृत्ती शेजारी ठेवून तुलना केली तर कोन जुळत नाही आणि खरा संदर्भ तुम्ही खोटा ठरवता. ब्लू-रे संचात जुनी दृश्यं निवडायची सोय आहे, ती वापरा.

कार्टूनचंही तसंच. ‘सिम्पसन्स’चे जुने भाग ४:३ चौकटीत काढलेले. ते रुंद पडद्यावर बसवताना चित्राचा वरचा-खालचा भाग कापला जातो आणि पाटी, पोस्टर, कोपऱ्यातलं खेळणं असे विनोद नेमके तिथेच असतात. डिझ्नी प्लसवर २०२० पासून मूळ चौकट निवडता येते. सेटिंगमध्ये जाऊन आधी ते करा.

युरोपात निघालेल्या पाल (तिथल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडी सुमारे ४ टक्के जलद चालतात. २२ मिनिटांचा भाग तिथे २१ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. म्हणून वेळ नोंदवताना प्रत कुठली तेही लिहायचं, नाहीतर दुसऱ्याला ते दृश्य सापडत नाही.

पायरी ३ : एकच भाग दोनदा पाहा

पहिल्यांदा आवाज बंद. संवादांचा आधार गेला की डोळा मागच्या चित्राकडे वळतो. संशय आला तिथे थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते.

दुसऱ्यांदा आवाज चालू, मूळ इंग्रजी संवाद आणि सबटायटलसह. डब केलेली प्रत यासाठी उपयोगाची नाही. भाषांतर करणारा वाक्याचा अर्थ नीट आणतो, पण संदर्भ बहुतेकदा वाक्याच्या ठेवणीत असतो आणि ती ठेवण भाषांतरात मोडते.

पायरी ४ : कान तयार करा

नावं आणि चित्रं आपोआप दिसायला लागतात, संगीत मुद्दाम शिकावं लागतं. सुरुवात एकाच तुकड्यापासून करा : ‘अमॉक टाइम’मधलं द्वंद्वाचं संगीत, संगीतकार जेराल्ड फ्रीड. यानावरचा अधिकारी स्पॉक याला विवाहविधीसाठी व्हल्कन या आपल्या ग्रहावर परतावं लागतं आणि तिथे जिवलग मित्र असलेल्या कप्तान कर्कशीच झुंजावं लागतं. तेव्हा ब्रास वाद्यांचा तो ठाम, पुन्हा पुन्हा आदळणारा सूर वाजतो. दृश्य पाच-सहा वेळा, डोळे मिटून ऐका.

मग ‘सिम्पसन्स’चा १९९४ चा ‘डीप स्पेस होमर’ लावा. होमर आणि बार्नी झुंजतात तेव्हा तोच सूर येतो. त्यानंतर ‘फ्युचरामा’ या दुसऱ्या कार्टून मालिकेचा २००० सालचा ‘व्हाय मस्ट आय बी अ क्रस्टेशियन इन लव्ह?’. इथे नुसतं संगीत नाही, अख्खी गोष्ट आहे : झॉइडबर्ग या खेकड्यासारख्या परग्रहवासीचा विणीचा काळ येतो, तो मायग्रहावर परततो, मित्र फ्रायशी द्वंद्व होतं. आणि लढतीआधी राष्ट्रगीत म्हणून जे वाजतं ते हेच संगीत. स्पॉकच्या विधीचं गांभीर्य तसंच ठेवून ते खेकड्यासारख्या प्राण्यांचं राष्ट्रगीत केलं, यात फार बारीक कारागिरी आहे. कान तयार नसेल तर ही जागा हातची जाते.

पायरी ५ : दोन्ही टोकं हातात आल्याशिवाय ‘संदर्भ’ म्हणू नका

एक टोक कार्टूनमधलं दृश्य, दुसरं मूळ भागातलं. दोन्हींच्या पहिल्या प्रसारणाच्या तारखा लावून पाहा. ‘द जेटसन्स’मध्ये पडद्यावरून समोरासमोर बोलणं आहे, म्हणून तो ‘स्टार ट्रेक’चा संदर्भ असं कुणी म्हणालं तर तारीख दाखवा : ‘जेटसन्स’ १९६२ ची, म्हणजे चार वर्षं आधीची.

कलाकारांवरूनही फसगत होते. डिझ्नीच्या ‘गारगॉइल्स’मध्ये झॅनाटोसला आवाज जोनाथन फ्रेक्स यांचा, डिमोनाला मरीना सर्टिस यांचा, ब्रेंट स्पायनर, मायकेल डॉर्न, निशेल निकोल्सही आहेत. हे सगळे ‘स्टार ट्रेक’ मालिकांमधले कलाकार, त्यामुळे निम्मं यान तिथे जमलंय असं वाटतं. तरी ही कलाकारांची निवड आहे, प्रसंगाचा संदर्भ नव्हे. वेगळ्या यादीत लिहा.

वाक्यांच्या बाबतीत ‘बीम मी अप, स्कॉटी’ सगळ्यात फसवं. मूळ मालिकेत हे वाक्य नेमकं याच शब्दांत एकदाही येत नाही. कार्टूनमध्ये ते आलं तर तो मालिकेचा नव्हे, मालिकेभोवती तयार झालेल्या बोलीचा संदर्भ. रकान्यात मूळ भागाचं नाव न लिहिता ‘लोकप्रचलित’ लिहा.

लाल सदऱ्याचंही ध्यानात ठेवा. मूळ मालिकेत लाल रंग अभियंते आणि सुरक्षारक्षकांचा, आणि ग्रहावर उतरून मरणारे बरेचसे तेच. ‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये लाल कप्तानाचा झाला. कार्टूनमधला लाल सदरेवाला मरणार की हुकूम सोडणार, यावरून संदर्भ कुठल्या मालिकेचा ते ठरतं.

पायरी ६ : नोंदवही आखा

आठ रकाने पुरतात : कार्टून आणि भाग, प्रसारणाची तारीख, वेळ आणि प्रत, मूळ भाग, मूळ वेळ, प्रकार (नाव, चित्र, संगीत, वाक्य किंवा शीर्षक, कथानक), काय बदललं, खात्री. खात्रीला १ ते ३ गुण : नुसता भास असेल तर १, एक खूण पक्की जुळली तर २, दोन वेगळ्या प्रकारच्या खुणा जुळल्या तर ३. झॉइडबर्गच्या भागाला बिनधास्त ३ द्या, संगीत आणि कथानक दोन्ही जुळतात.

यात ‘काय बदललं’ हा रकाना रिकामा सोडू नका, वहीचा जीव तिथे आहे. ‘मिरर, मिरर’मध्ये समांतर विश्वातला क्रूर स्पॉक दाढीवाला. ‘साउथ पार्क’च्या १९९८ च्या ‘स्पूकीफिश’मध्ये समांतर विश्वातून दाढीवाला कार्टमन येतो आणि तो गोड, प्रेमळ निघतो, कारण आपल्या विश्वातला कार्टमनच मुळात दुष्ट. ‘दाढी’ एवढंच लिहिलंत तर विनोद नोंदलाच गेला नाही. तसंच ‘द प्रॉब्लेम विथ पॉप्लर्स’ हे ‘फ्युचरामा’मधलं शीर्षक. ट्रिबल्स हे खाऊन खाऊन वाढणारे जीव, धान्याची कोठारं फस्त करणारे. पॉप्लर्स माणसंच चवीने खातात आणि मग ती कुणाची तरी पिल्लं असल्याचं उघड होतं. खाणारा आणि खाद्य यांची अदलाबदल.

पायरी ७ : एका भागावर हात बसवा

‘फ्युचरामा’चा २१ एप्रिल २००२ चा ‘व्हेअर नो फॅन हॅज गॉन बिफोर’ घ्या. लेखक डेव्हिड ए. गुडमन. मूळ मालिकेतले कलाकार शॅटनर, निमॉय, निकोल्स, टाकेई, कोनिग यांनी स्वतःचेच आवाज दिले आहेत. शीर्षकापासून सुरुवात करा. मग ‘मेनाजरी’तली, बोलता न येणाऱ्या कप्तान पाइकची दिव्याची खुर्ची शोधा. मूळ भागात दिवा एकदा लागला तर हो, दोनदा लागला तर नाही. इथे त्याचं काय होतं ते लिहा. खलनायक मेल्व्हार हा सर्वशक्तिमान ऊर्जाजीव, आणि शेवटी त्याची आई त्याला हाक मारते. हा थेट ‘स्क्वायर ऑफ गॉथॉस’चा शेवट, जिथे महाबली ट्रेलेन आईबापांचं हट्टी पोर निघतो. फरक एवढाच की मेल्व्हार मोठा झालेला चाहता आहे.

स्कॉटीची भूमिका करणारे जेम्स डूहन यात नाहीत. त्यांच्या जागी ‘वेल्शी’ आहे, स्कॉटलंडऐवजी वेल्सचा. तो ‘नाव’ या प्रकारात. आणि डॉक्टर मॅककॉय साकारणारे डीफॉरेस्ट केली पडद्यावर सगळ्यांबरोबर उभे दिसतात, पण एक शब्दही बोलत नाहीत. केली १९९९ मध्ये वारले होते. त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलेला नाही. ‘काय बदललं’ या रकान्यात हेही लिहा.