तान्ह्या बाळाच्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये आयसीजी कसं वापरायचं

डिसेंबरची पहाट, इंदापूरकडून १०८ मधून तीन दिवसांचं बाळ येतं, हिरव्या उलट्या, पोट फुगलेलं, पाय गार. पुण्यात लहान मुलांची सर्जरी करणाऱ्या कुणालाही हे चित्र पाठ असतं, आतड्याला पीळ पडलाय आणि वेळ नाही. पोट उघडलं की काळंनिळं आतडं समोर येतं आणि मग ठरवायचं की यातलं जगणार किती आणि काढायचं किती. पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण अडीच मीटर असतं, त्यातलं बरंचसं गेलं तर ते मूल महिनोन्महिने शिरेतून दिलेल्या पोषणावर राहतं, त्यामुळे एकेक सेंटीमीटर मोलाचा आहे. नुसता रंग आणि हालचाल बघून ठरवताना अनुभवी हातही चुकतात. म्हणून आयसीजी, आणि नवीन रजिस्ट्रार, म्हणजे शिकणारे सर्जन, दरवेळी तेच तेच विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आयसीजी म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, हिरवा डाय, अमेरिकेत १९५९ पासून मान्यता आहे, म्हणजे औषध जुनंच, कॅमेरे नवे. शिरेत दिला की रक्तातल्या प्रोटीनला चिकटतो, रक्त जाईल तिथे जातो, आणि ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश पडला की चमकतो, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो. लिव्हर तो उचलून पित्तात टाकतं. रक्तातलं प्रमाण तीन-चार मिनिटांत निम्मं होतं.

आता तयारी, आणि खरं काम इथेच आहे. वायल २५ मिलिग्रॅमची असते, ती सलाईनमध्ये नाही, सोबतच्या स्टराइल वॉटरमध्येच विरघळवायची, १० एमएलमध्ये केली की एका एमएलला २.५ मिलिग्रॅम होतात. उन्हा-उजेडापासून झाकून ठेवा, सहा तासांत वापरा नाहीतर टाकून द्या. यात थोडं आयोडाइड असतं, त्यामुळे अ‍ॅलर्जीचा इतिहास आधी विचारायचा. आतड्याचा रक्तपुरवठा बघायला आम्ही किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरतो. तीन किलोच्या बाळाला ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे मूळ द्रावणाचा पाव एमएलसुद्धा नाही, आणि एवढा डाय एक्स्टेन्शन लाइनमध्येच, म्हणजे सलाईनच्या जोडनळीतच, अडकून बसतो आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो की आतडं का उजळत नाही! म्हणून १ एमएल द्रावणात ४ एमएल स्टराइल वॉटर घालून पातळ करा, मग तोच डोस १.२ एमएल होतो, मोजायलाही सोपा. बाळाच्या सगळ्यात जवळच्या थ्री-वेमधून, म्हणजे नळीवरच्या तीन तोंडांच्या तोटीतून द्या, मागून १ ते २ एमएल फ्लश, त्याहून जास्त नको, तेवढं पाणीही या बाळांना हिशोबात धरावं लागतं. लाइन हाताची असलेली बरी, कारण फुगलेल्या पोटामुळे खालून येणारं रक्त अडतं.

डाय देण्याआधी भुलीच्या डॉक्टरांना सांगा. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ खोटा खाली येतो, आधी माहीत असेल तर धावपळ होत नाही.

पीळ बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने पडलेला असतो, तो उलटा फिरवून सोडवा, आतडं कोमट ओल्या मॉपमध्ये गुंडाळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. ही दहा मिनिटं जीवावर येतात पण थांबाच. तेवढ्यात बाळाचं तापमान आणि ब्लडप्रेशर बघा. आमच्याकडे एकदा जवळजवळ ४० सेंटीमीटर आतडं अंधारं दिसलं, मी क्लॅम्प मागितला, तेव्हा भुलीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, बाळ ३४.८ वर आहे, पाच मिनिटं द्या मला." पाचाची वीस झाली, बाळ गरम केलं, प्रेशर वर आलं, दुसरा डोस दिला आणि त्यातलं निम्म्याहून जास्त उजळलं. तो क्लॅम्प मी लावला असता. तेव्हापासून गार बाळाच्या अंधाऱ्या आतड्यावर मी निर्णय घेत नाही.

मग ऑपरेशन थिएटरचे वरचे दिवे बंद करायला सांगा, कॅमेरा सरळ वर, अंतर एकदा ठरवलं की हलवायचं नाही, कारण जवळ नेला की सगळंच चमकदार वाटतं. फ्रेममध्ये चांगल्या आतड्याचा एक वळसा जरूर ठेवा, तुलनेशिवाय चमक म्हणजे काहीच नाही. "दिला" म्हटल्या क्षणी सिस्टरनी टायमर लावायचा आणि रेकॉर्डिंग सुरू. साधारण अर्ध्या ते एका मिनिटात आधी मेझेंटरीच्या (आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्याच्या) धमन्या, मग त्यांच्या कमानी, मग आतड्याची भिंत उजळते. किती चमकलं यापेक्षा कसं आणि किती वेळात आलं ते बघा. पहिली दोन मिनिटंच महत्त्वाची, नंतर डाय पित्तातून ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, उतरतो आणि आतला पित्ताचा उजेड भिंतीचा वाटतो. परत बघायचं असेल तर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

उजळलेलं ठेवा, ठार काळं राहिलं ते काढा, सीमेवर खुणेचा टाका घाला आणि कापल्यावर कडेला लाल रक्त येतंय ना ते डोळ्यांनी बघा. ठिपक्याठिपक्यांचं, उशिरा आलेलं आतडं मात्र फसवतं, कारण रक्त आत आलं म्हणजे शिरेतून बाहेरही जातंय असं नाही. अशा ठिकाणी घाईने जोडू नका, पोट तात्पुरतं बंद करून २४ ते ४८ तासांनी परत बघा. एनईसीच्या, म्हणजे आतडं सुजून कुजण्याच्या आजाराच्या, कमी दिवसांच्या बाळांनाही मी हाच नियम लावतो.

हर्षस्प्रंगमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जापेशी नसतात त्या आजारात, वापर वेगळा. खाली ओढून जोडायच्या कोलनला (मोठ्या आतड्याला) रक्त पुरतंय का ते बघायचं, आणि ओढून झाल्यावर पुन्हा एकदा, कारण ताणाने किंवा पिळाने तेव्हाच घात होतो. गँगलियन पेशी, म्हणजे त्याच मज्जापेशी, आहेत की नाहीत हे आयसीजी सांगत नाही, त्याला फ्रोझन सेक्शनच (तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं) लागतो.

आणि नातेवाइकांशी आधी बोला. एका आजींनी मला विचारलं होतं, "लेकराच्या अंगात रंग कशाला घालताय?" मी म्हटलं, "आजी, शेतात पाणी सोडल्यावर कुठल्या वाफ्यात पोचलं ते दिसतं ना, तसं रक्त कुठवर पोचतंय ते बघतोय." त्यांना लगेच कळलं, बाळाच्या वडिलांना त्यांनीच समजावलं.

शेवटी सिल्कचा धागा आतड्याच्या मोकळ्या कडेने धरून उरलेली लांबी मोजा, आयलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप) राहिला की नाही तेही बघा, आणि दोन्ही गोष्टी डोस आणि वेळेसकट ऑपरेशन नोटमध्ये त्याच दिवशी लिहा, पुढे बाळाचं दूध कसं वाढवायचं ते त्यावरूनच ठरणार आहे.